जुन्या घरातली चुकीची बसवलेली खिडकी कशी बदलायची

यवतमाळकडच्या आमच्या गावातलं जुनं घर, अर्ध्या भिंती विटाच्या अन अर्ध्या मातीच्या. तिथं एका मिस्त्रीनं दोन तासात खिडकी ठोकून दिली अन पहिल्याच झडीत आतल्या भिंतीवरून पाणी उतरलं. सिलिकॉन मारलं, पुट्टी भरली, पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी चौकट काढली तर बाजूच्या फटीत विटाचे तुकडे अन सिमेंटच्या थैलीचा कागद कोंबून वरून प्लास्टर! तेव्हापासून मी खिडकीपेक्षा खिडकीच्या भोवताली काय आहे ते आधी पाहतो.

पाणी कुठून येते ते आधी शोधा. बाहेरून बाटलीनं थोडं थोडं पाणी टाका, पहिले खाली, मंग बाजूला, मंग वर, अन आत एक माणूस उभा ठेवा. एकदम वरून बादली ओतली तर काहीच कळत नाही. हवेची फट पाहायची तर वारा असताना उदबत्ती चौकटीभोवती फिरवा, धूर हलला की समजा.

आता खिडकीच्या वरचा आडवा पाट पाहा, ही पायरी लोक सोडतात. जुन्या घरात लिंटेल लाकडाचं असते, पेचकस टोचून पाहा, वाळवीनं खाल्लं असेल तर भुसकन आत जाते. तसं असेल तर चौकट काढायच्या आधी दोन्ही बाजूनं बल्ल्या लावून वरचा भार धरा, नाही तर भिंत डोक्यावर येईल. नवीन लिंटेल दोन्हीकडं भिंतीत निदान सहा इंच बसलं पाहिजे, मातीच्या भिंतीत नऊ इंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल अन दर वर्षी वाढत असेल तर खिडकीला दोष देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते अन पाया हलवते, अशा वेळी आधी इंजिनिअरला दाखवा.

माप तीन ठिकाणी घ्या, वर, मधात अन खाली, उंचीचंही तसंच. जुनी भिंत सरळ नसतेच. सगळ्यात लहान माप धरून ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीची खिडकी चारी बाजूनं साधारण पाच-पाच मिमी लहान सांगा. एका दिवशी एकच खिडकी काढा. प्लास्टर छिन्नीनं हळू उडवा, होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ग्राइंडरनं कापा (चष्मा लावून), मंग चौकट आतल्या बाजूला ओढा.

नवी चौकट चार पाचरांवर उभी करा. ओळंबा अन लेव्हल लावा, दोन्ही कर्ण दोरीनं मोजा, सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात. लाकडी चौकट असेल तर भिंतीला लागणाऱ्या बाजूला डांबर लावा. चार फुटाच्या चौकटीला एका बाजूला निदान दोन होल्डफास्ट घ्या अन १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, गिट्टी) काँक्रीटमध्ये पक्के करा. मातीच्या भिंतीत मात्र सिमेंट धरत नाही, सुटून येते, म्हणून तिथं चौकटीचं वरचं-खालचं लाकूड दोन्हीकडं भिंतीत जाईल इतकं लांब ठेवा अन फट कुटार (भुसा) मिसळून चार दिवस भिजवलेल्या मातीनं भरा. विटाच्या भिंतीत १:४ चा (एक सिमेंट, चार वाळू) मसाला ठासून भरा, नुसता वरून फासू नका.

खालच्या कडप्प्याला बाहेर उतार द्या अन तो भिंतीच्या बाहेर दोन इंच काढून खालून एक खाच पाडा, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता खाली टपकते. एवढी एक खाच पडली असती तर आमची अर्धी भिंत वाचली असती.

काम होळीनंतर काढलं तर तराईकडं, म्हणजे सिमेंट ओलं ठेवण्याकडं, लक्ष द्या, आपल्या उन्हात सिमेंट तासाभरात सुकते. ओला बारदाना टांगा, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. पण मृग लागायच्या आत सगळं उरका.

अन कूलर! इकडच्या कितीतरी खिडक्या पावसानं नाही, कूलरनं खराब होतात. टाकीत पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन, ते चौकटीच्या गजांना लटकवलं की होल्डफास्ट ढिले होणारच. त्याला जमिनीवर पाय असलेला स्टँड करा अन गळतीचं पाणी खिडकीवर न पडता पाईपनं बाहेर जाईल असं पाहा.

चौकट अन भिंतीच्या मधातल्या बारीक रेषेत सिलंट सगळ्यात शेवटी, मसाला पूर्ण सुकल्यावर, बाहेरूनच भरा. मंग रंगाच्या आधी पुन्हा ती बाटली घेऊन तेच पाणी टाकून पाहा.