डॅटसन २४०झेडचं इंटिरिअर करताय? मग या चुका टाळा

डॅटसन २४०झेड ही निसानची जुनी स्पोर्ट्स कार घरी आली की लोक आधी इंजिनाच्या मागे लागतात, मग बॉडीचा गंज, मग रंग, आणि आतलं ट्रिम, म्हणजे पॅनल, डॅश, रेक्झिन वगैरे, राहतं सगळ्यात शेवटी, शनिवार-रविवारात उरकून टाकू म्हणून. आणि नेमकं तिथेच कायमचं नुकसान होतं. इंजिन उघडून परत बसवता येतं, पत्रा कापून नवा लावता येतो, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ प्लास्टिक पॅनलवर जो बारीक दाणा आहे ना, तो एकदा सँडपेपरने घासला की संपला. रंग चुकला तर पुन्हा मारा, काही बिघडत नाही. दाणा गेला की तो भाग कितीही काळा केला तरी उन्हात गुळगुळीत चट्टा दिसत राहतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रंगाचं नंतर बघू, आधी दाणा सांभाळा.

ज्यांच्या गॅरेजात अशी गाडी उभी आहे, आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींत असे हौशी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निसानने ही गाडी ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानात फेअरलेडी झेड म्हणून आणली, अमेरिकेत ती डॅटसन २४०झेड झाली, सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन या किमतीत, म्हणजे आत लाकूड-चामड्याचा थाट नाहीच, सगळा कारभार एबीएस प्लास्टिक, रेक्झिन, फोम आणि हार्डबोर्डचा. मला तो तसाच आवडतो. पण हे चारही मटेरिअल वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

सगळं प्लास्टिक सारखंच असं धरून चालणं

ही पहिली चूक आणि सगळ्यात महागडी. २४०झेडचे मागचे साईड पॅनल, सेंटर कन्सोल वगैरे मोठे भाग एबीएसचे असतात, पण आधीच्या मालकाने काय काय बदललंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. एबीएसवर ॲसिटोन पडलं की ते विरघळतं, पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकला ॲसिटोनचं काही वाटत नाही पण त्यावर रंगही धरत नाही. ओळखायचं कसं? पॅनलच्या मागच्या, कधीच न दिसणाऱ्या बाजूला कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक ठिपका लावा, चिकट झालं तर बहुधा एबीएस. एखादा तुटका तुकडा असेल तर तो पाण्यात टाका, पाण्यात थेंबभर साबण घाला म्हणजे बुडबुडे धरून तरंगणार नाही, एबीएस बुडतं आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक थेट थिनरचं फडकं पुढच्या बाजूवर फिरवतात आणि दाणा लोण्यासारखा पुसून निघतो.

थंडीत, घाईत पॅनल ओढणं

एबीएसमधला जो रबरासारखा घटक असतो, ब्युटाडाईन, तो ऊन आणि हवेने वर्षानुवर्षं खराब होत जातो आणि प्लास्टिक ठिसूळ बनतं. असं पॅनल थंड गॅरेजात कोपऱ्यातून ओढलं की स्क्रूच्या भोकाजवळ तुटणारच. गाडी आधी तासभर उन्हात लावा किंवा हेअर ड्रायरने पॅनल कोमट करा आणि मग सोडवा. हीट गन नको, तिचं तोंड सहज चारशे अंशांच्या वर जातं आणि एबीएस साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं, एक क्षण जास्त झाला की पॅनल वाकडं. यूट्यूबवर करड्या पडलेल्या बंपरवर हीट गन फिरवून तो काळा करतात तो प्रकार तर इथे अजिबात करू नका, तो दुसऱ्या प्लास्टिकचा उपाय आहे, इथे दाणा वितळून चकाकी येईल.

प्लास्टिकचे जुने रिव्हेट वाचवत बसू नका, ते नवीन मिळतात, रिव्हेट वाचवायला जाऊन पॅनल तोडलेलं बघवत नाही. दाराची काच खालीवर करायचं हँडल मागे घोड्याच्या नालासारख्या क्लिपने धरलेलं असतं, तिथे स्क्रूड्रायव्हर घालून दाराचं रेक्झिन फाडलेल्या कितीतरी गाड्या आहेत. हँडल आणि दार यांच्यामध्ये जुन्या सुती कापडाची पट्टी घाला आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढा, क्लिप सुटून येते. फक्त ती उडून कुठे जाते तिकडे लक्ष ठेवा.

सिलिकॉनवर रंग मारणं

डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे इतकी वर्षं या गाड्यांवर मारले गेलेत की प्लास्टिकच्या प्रत्येक खळग्यात सिलिकॉन बसलंय. साबणाने धुतलं, चकचकीत वाळलं, रंग मारला, आणि लगेच माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे. अशा वेळी वरून अजून रंग मारून ते बुजत नाहीत, सगळं उतरवूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. क्रम असा ठेवा, आधी कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि मऊ ब्रश, दाण्याच्या आत शिरेल असा, मग वॅक्स-ग्रीस काढायचं लिक्विड, एका फडक्याने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं वापरलं तर तुम्ही सिलिकॉन नुसतं इकडून तिकडे पसरवताय. हे दोनदा तीनदा करा. शेवटी अगदी बारीक, करड्या रंगाचं स्क्रबिंग पॅड साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, सँडपेपर नाही.

तडे बुजवताना फेविक्विकछाप गोंद

सुपरग्लू पटकन धरतो हे खरं, पण तो स्वतः ठिसूळ, गाडी हादरली की जोड बाजूलाच पुन्हा तडकतो, शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी भुकटी बसते. एबीएस जोडायचा खरा मार्ग म्हणजे एबीएसनेच. एबीएसचे बारीक तुकडे झाकणाच्या काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, मधासारखा घट्ट लगदा तयार होतो. तुकडे कुठून आणायचे, तर अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात प्लंबिंगचे काळे एबीएस पाईप मिळतात ते उत्तम, आणि लेगोचे ठोकळेही एबीएसचेच असतात.

आता यातल्या चुका सांगतो, कारण लगदा करणं सोपं आहे, लावणं नाही. तड्याच्या टोकाला आधी दोनेक मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढे सरकतच राहतो. काम मागच्या बाजूने करा. मागची बाजू खरवडून वरचा करडा, भुसभुशीत झालेला थर काढून टाका, त्या मेलेल्या थरावर लगदा मुरत नाही आणि नंतर खपलीसारखा निघून येतो. मग पातळ थर, त्यात बारीक स्टीलची जाळी किंवा फायबरग्लासचं कापड दाबून बसवायचं, वर अजून एक पातळ थर. सगळा लगदा एकदम ओतला तर ॲसिटोन आत अडकतं, पुढच्या बाजूचं प्लास्टिक मऊ पडून खळगा पडतो. वरून कडक लागलं म्हणून लगेच पुढची बाजू सपाट करायला जाऊ नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या, कारण आतलं ॲसिटोन उडत जातं तसा लगदा आकसत जातो आणि आज सपाट केलेली रेघ आठवड्याने खोल दिसते. पुढच्या बाजूला घासायचंच असेल तर तड्याची रेघ तेवढीच, दोन्हीकडे मास्किंग टेप लावून.

डॅशबोर्डमध्ये कडक पुट्टी

झेडचा डॅश म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फोम आणि त्यावर व्हिनाईलची कातडी. व्हिनाईल मऊ राहावं म्हणून त्यात जो तेलकट घटक घालतात तो उन्हाने हळूहळू उडून जातो, काचेच्या आतून जो चिकट धूसर थर बसतो त्यात हाच असतो. कातडी आकसते, फोम आकसत नाही, मग वरून तडे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ॲरिझोनातल्या टेंपी शहरात कडक उन्हाळ्यात गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं होतं, तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसवर गेले. या तापमानाला रोज फुगणाऱ्या आणि रात्री आकसणाऱ्या डॅशमध्ये तुम्ही बॉडीची कडक पुट्टी भरलीत तर ती किती टिकणार? एक उन्हाळा. पुट्टीच्या दोन्ही कडांना नवीन तडे जातात आणि काम दुप्पट होतं.

इथे लवचिक पॉलियुरेथेनचं फिलर लागतं, गादीवाल्या डॅशसाठी किंवा बंपरसाठी विकतात ते. तड्याच्या कडा वर वळलेल्या असतात, त्या दाबून बसत नाहीत, धारदार ब्लेडने वळलेला भाग कापून काढा, खालचा फोम थोडा कोरा, इंग्रजी व्ही सारखी खाच करा आणि फिलर दोनदा भरा. वरचा दाणा परत आणायला डॅशच्या चांगल्या भागावरून सिलिकॉन रबरचा पातळ साचा घेतात आणि तो ओल्या फिलरवर दाबतात, वेळखाऊ आहे पण याच्यासारखं दुसरं काही नाही. टेक्श्चरचा स्प्रे सोपा, पण त्याचा दाणा वेगळा पडतो आणि मला तो लांबूनही ओळखू येतो.

डॅशवर चिकटवायचं तयार प्लास्टिकचं कव्हरही मिळतं. गाडी रोज चालवायची असेल, बजेट कमी असेल तर लावा, त्यात लाज नाही. पण ते सिलिकॉन सीलंटने भरभरून चिकटवू नका, कारण उद्या कुणाला मूळ डॅश दुरुस्त करायचा झाला तर कव्हर काढताना खालची कातडी सोलून येईल आणि राहिलेल्या सिलिकॉनवर ना फिलर धरणार ना रंग.

रंगात होणारे घोळ

व्हिनाईलवर साधा एनॅमल स्प्रे मारला की तो महिनोन्‌महिने चिकट राहतो, कारण खालून तो तेलकट घटक रंगात मुरत राहतो. प्लास्टिक आणि व्हिनाईलसाठी बनवलेलंच कोटिंग घ्या. काळ्या इंटिरिअरसाठी झेडवाले बहुतेक एसईएम (SEM) या कंपनीचं लँडाऊ ब्लॅक वापरतात आणि त्याची चमक मूळच्या बरीच जवळ जाते. बटरस्कॉच किंवा लाल इंटिरिअर असेल तर मात्र डब्याच्या झाकणावर विश्वास ठेवू नका, पॅनलची जी कड दुसऱ्या पॅनलखाली झाकलेली होती तिथे मूळ रंग टिकलेला असतो, तो घेऊन मिसळून आणा.

थर पातळ मारा, इतके पातळ की पहिल्या थरानंतर खालचं दिसतच राहिलं पाहिजे. जाड थर दाणा बुजवतो, म्हणजे सँडपेपर न लावताही दाणा घालवायची ही दुसरी पद्धत. रंगावर पांढुरकी धुकट छटा आली तर हवेत दमटपणा होता, कोरड्या दिवशी अगदी हलका एक हात मारला की बऱ्याचदा जाते. हात फिरवल्यावर खरखरीत लागलं तर डबा फार लांबून धरला होता. नखाने पापुद्रा निघाला तर सफाईत कमी पडलात, त्याला वरून काही इलाज नाही. आणि सॉल्व्हंटच्या वाफेसाठी असतो तो कार्बन फिल्टरचा मास्क लावा, कापडी मास्कने वाफ अडत नाही.

डायमंड रेक्झिन आणि चुकीचं सोल्यूशन

गिअरच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर, आणि मागच्या स्ट्रट टॉवरवर (मागच्या चाकांवरचे सस्पेन्शनचे उंचवटे) जे चौकटी-चौकटींचं रेक्झिन असतं ती या गाडीची ओळख आहे. नवीन किट मिळतं, पण ते हस्तकलेच्या दुकानातल्या स्प्रे गोंदाने चिकटवतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात, बोगद्याखालून गिअरबॉक्स आणि एक्झॉस्टची उष्णता येते, वरून ऊन. उष्णता सोसणारं, रेक्झिनच्या टपांसाठीचं काँटॅक्ट सोल्यूशन घ्या, डॅप वेल्डवुडचं लँडाऊ टॉप अँड ट्रिम हे नाव तिकडचे ट्रिमवाले घेतात. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच टेकवायचं. ओलं असताना टेकवलं तर सॉल्व्हंट आत कोंडून तेच फुगे. रेक्झिन आधी उन्हात तापवून घ्या, मऊ पडतं आणि टॉवरच्या गोलाईवर सुरकुत्या न पडता बसतं. चौकटींची रेघ मधोमध धरून बाहेर जा, आणि गिअरचं भोक आधी कापू नका, सगळं चिकटल्यावर लहान कापा आणि लागेल तसं वाढवा.

दाराची पॅनल हार्डबोर्डची आहेत, पाणी लागलं की फुगतात आणि क्लिपची भोकं फाटतात. फाटक्या भोकावर मागून पातळ एबीएसचा चौकोन इपॉक्सीने लावून नवीन भोक पाडा. पण दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा परत लावला नाही तर हे सगळं फुकट, तो लोक काढतात आणि कचऱ्यात टाकतात.

चकाकत्या पट्ट्यांपैकी ॲल्युमिनियमच्या ॲनोडाईज केलेल्या पट्टीला ओव्हन क्लीनर लावू नका, त्यातला कॉस्टिक तो थर खातो. प्लास्टिकवर चांदीसारखा मुलामा असेल तर तिथे अल्कोहोलसुद्धा नको, नुसतं साबणाचं पाणी. आणि सीटबेल्टचे पट्टे ब्लीच करू नका, रंगवू नका, धागा कमजोर होतो. पट्टा बदलून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे पाठवा.

वास येतोय म्हणून सोल्यूशनला दोष देणं

सगळं बसवून झालं, गाडी चालवली आणि आत वास. डोकं दुखायला लागलं. पुष्कळ जण नव्या सोल्यूशनचा वास समजून आठवडे वाट बघतात. सोल्यूशनचा वास उभ्या गाडीतही येतो. चालत्या गाडीतच, त्यातही खिडकी उघडल्यावर जास्त येत असेल तर तो एक्झॉस्टचा धूर आहे, या गाडीच्या मागच्या बाजूला हवा आत ओढली जाते आणि हॅचचं (मागच्या वर उघडणाऱ्या दाराचं) रबर किंवा टेललाईटची गॅस्केट सुटलेली असली की धूर तिथून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो, म्हणून हे दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. हॅचच्या कडेने कागदाची पट्टी ठेवून हॅच बंद करा आणि ओढून बघा, जिथे ती सहज सरकते तिथलं रबर बदला. हे सगळं खरंतर मागचे पॅनल बसवायच्या आधी करायचं असतं, कारण टेललाईटच्या गॅस्केटपर्यंत पोचायला तेच पॅनल परत काढावे लागतात.