ईसीजी वाचताना या चुका टाळा

विटा, तासगाव, जतकडून छातीत दुखणारा पेशंट सांगली-मिरजेला निघतो, तेव्हा पहिला ईसीजी बहुतेकदा गावाजवळच्या दवाखान्यातच निघालेला असतो. तो वाचताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ तो काढण्यात असतं.

हातांच्या क्लिपा उलट लागणं नेहमीचंच. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या. अदलाबदल झाली की लीड एकमध्ये (लीड म्हणजे हृदयाची एका कोनातून घेतलेली नोंद) पी, क्यूआरएस, टी या ठोक्याच्या लाटा सगळ्याच उलट्या येतात आणि कुणीतरी 'हृदय उजवीकडे' असा शेरा मारून मोकळं होतं. छातीवरच्या व्ही वन लीडपासून पुढे आर (क्यूआरएसमधलं वर जाणारं टोक) नेहमीसारखा वाढत गेला असेल, तर हृदय जागेवर आहे. क्लिपा बदलून पुन्हा काढा.

व्ही वन, व्ही टू अंदाजाने वर लावू नका. गळ्याच्या खळीतून बोट खाली सरकवलं की छातीच्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याला जोडलेली बरगडी दुसरी. तिथून मोजत चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या फटीत या. बायकांच्या बाबतीत संकोचापोटी लीड जागेपेक्षा वर चिकटवली जाते, आर बारीक दिसतो आणि धडधाकट बाईच्या कागदावर 'जुना अटॅक' येतो. पडदा ओढा, नर्सबाईंना बोलवा, पण जागा सोडू नका.

हात कापत असले की मशीन खुशाल 'एट्रियल फिब्रिलेशन' (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) छापतं. आर ते आर अंतर सारखं आणि एखाद्या लीडमध्ये पी स्वच्छ असेल, तर त्या छापील ओळीवर काट मारा.

हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमधला एसटीचा (क्यूआरएस आणि टीमधल्या रेषेचा) छोटा उठाव ही अटॅकची खूण, पण ती सर्रास निसटते, कारण घाम आणि उलटी बघून सगळ्यांनी 'पित्त' ठरवलेलं असतं. अशा वेळी एव्हीएल ही लीड बघा. तिथे एसटी खाली गेला असेल तर प्रकरण गंभीर आहे. लगेच छातीच्या उजव्या बाजूची व्ही फोर आर ही लीड काढा. उजव्या कप्प्याला झटका असेल, तर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटने (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने) बीपी धाडकन कोसळू शकतं.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे "कार्डिओग्राम नॉर्मल आहे, घरी जा." दुखणं चालूच असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) पाठवा, जुना कार्डिओग्राम मागा. तो नातेवाइकांनी हौसेने लॅमिनेट केलेला असेल तर काळाठिक्कर निघतो. थर्मल कागदाला उष्णता सोसत नाही. डिस्चार्जच्या वेळीच झेरॉक्स काढून ठेवायला सांगा.