चॅनलला व्ह्यूज येईनात? टॅगच्या मागं लागू नका

आपल्या सांगली-साताऱ्यात आता गल्लीत एक तरी यूट्यूब चॅनल हायच, कोण द्राक्षबागेचं करतंय, कोण बैलगाडा शर्यतीचं, कोण कास-ठोसेघर फिरून दाखवतंय, आणि सगळे विचारतात एकच, टॅग, म्हणजे व्हिडिओ अपलोड करताना टाकायचे शोधशब्द, कुठले टाकू. ते टॅगचं आधी डोक्यातनं काढा. यूट्यूब स्वतःच सांगतं की टॅगचा उपयोग फार थोडा, लोक एखादं नाव चुकीचं टाइप करत असतील तर तेवढ्यापुरता. टॅगला जो वेळ घालवताय तो टायटल आणि थंबनेलला, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणाऱ्या फोटोला, द्या.

टायटल 100 अक्षरांपर्यंत चालतं, पण मोबाइलवर पुढचं कापलं जातं, म्हणून कामाचा शब्द सुरुवातीलाच पाहिजे. "नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजचा आपला विषय" असलं टायटल कोण शोधणार हाय? तासगावचा बागायतदार ऑक्टोबर छाटणी उरकून बसलाय आणि मधेच पाऊस आला, तर रात्री मोबाइल काढून तो "छाटणीनंतर पाऊस, दावण्यावर काय मारायचं" हेच बघणार (दावण्या म्हणजे द्राक्षावरचा रोग), मग टायटल पण तेच ठेवा. बरीच जणं मराठी शब्द इंग्रजी अक्षरात टाइप करतात, त्यात छाटणीची चटणी होते आणि समोर शेंगदाण्याच्या रेसिप्या येतात 😄 त्यामुळं डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळीत तसलं स्पेलिंग पण टाका आणि सोबत द्राक्षाचं नाव विसरू नका. लोक काय टाइप करतात ते बघायला पैसे लागत नाहीत, इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरचा तो मोड जो तुमची जुनी हिस्ट्री धरत नाही) यूट्यूब उघडा, सर्चमध्ये दोन शब्द टाका, खाली जी यादी येते ती लिहून घ्या.

वेळ पण सांभाळा. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये असते, मग तो व्हिडिओ मे संपता संपता टाकून काय उपयोग, माणसं कामाला लागायच्या आधी यायला पाहिजे. कासचं पण तसंच, फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि पुण्या-मुंबईची पब्लिक त्याच्या आधीच प्लॅन करत बसलेली असते. गेल्या सीझनचं फुटेज वापरा की, फक्त ते गेल्या वर्षीचं हाय हे स्पष्ट सांगा, नायतर कमेंटमध्ये शिव्या बसतात.

थंबनेल 1280 बाय 720, आणि स्वतःचं लावायचं तर फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो. तीन-चार शब्द, मोठ्या अक्षरात, बास. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दिसते, तिथं काही लिहू नका. बनवलं की मोबाइलवर बारीक करून बघा, हात लांब धरून वाचता आलं पाहिजे. तोंड वासलेला फोटो आणि चार लाल बाण मला तरी आवडत नाहीत, पण तुमच्या प्रेक्षकाला चालतंय का ते यूट्यूब स्टुडिओत (चॅनलचे आकडे दाखवणारं यूट्यूबचंच ॲप) क्लिक थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा दाबलं गेलं ते, बघून ठरवा. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणं निम्म्या चॅनलचा हा रेट 2 ते 10 टक्क्यांच्या मधे असतो, त्यामुळं 4 टक्के आला म्हणून रडत बसू नका.

आता खरं दुखणं. स्टुडिओत रिटेन्शनचा ग्राफ असतो, त्यात 30 सेकंदाला किती माणूस टिकला ते दिसतं, आणि बहुतेकांचा ग्राफ तिथंच घसरलेला असतो, कारण त्या 30 सेकंदात फिरणारा लोगो, ड्रोनचा शॉट, मग हाय फ्रेंड्स, मग सबस्क्राइब करा बेल दाबा, आणि विषय अजून सातारा सोडून निघालेलाच नसतो. कासचा व्हिडिओ असंल तर पहिल्याच वाक्यात सांगा की आज फुलं किती फुललीत, बुकिंग ऑनलाइन करूनच या, शनिवार-रविवार टाळा. सगळं आधीच सांगितलं तर पुढं कोण बघणार असं वाटतं, पण उलट हाय, कामाचं मिळतंय हे कळलं की माणूस थांबतो. सबस्क्राइबचं मधे कुठंतरी सांगा, जिथं तुम्ही खरंच काहीतरी दिलंय तिथं. ग्राफ जिथं एकदम पडलाय ती जागा परत बघा, तिथं तुम्ही नक्की फाफटपसारा लावलेला असणार. आणि जिथं उंचवटा दिसतोय तेवढा भाग लोक मागं घेऊन परत बघतायत, पुढच्या व्हिडिओचा विषय तिथंच सापडला.

कॅमेऱ्यापेक्षा आवाजाला पैसे घाला. अजिंक्यताऱ्यावर वारा असा सुटतो की फोनच्या माइकमध्ये नुसती घरघर येते, साधा कॉलर माइक आणि त्याला फोमची टोपी एवढ्यानं पण फरक पडतो. जत्रेच्या व्हिडिओत मागं डीजे वाजत असंल तर जपून, गाण्याचा कॉपीराइट क्लेम आला की कमाई गाण्याच्या मालकाकडं जाऊ शकते, कधी व्हिडिओच ब्लॉक होतो.

लांब व्हिडिओला चॅप्टर टाका, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये वेळ लिहून व्हिडिओचे भाग पाडा, पहिला टाइम 0:00 पाहिजे, कमीत कमी तीन पाहिजेत, प्रत्येक निदान 10 सेकंदांचा.

शॉर्ट, म्हणजे यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ, आता 3 मिनिटांपर्यंत चालतात. मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता चालू झाला तरी व्ह्यू मोजतात, म्हणून आकडा बघून हुरळू नका. शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबली जात नाही, त्यापेक्षा रिलेटेड व्हिडिओमध्ये तुमचा मोठा व्हिडिओ जोडा, तिथनं माणूस येतो. पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंका टाकून दहा सेकंदांचे व्ह्यूज मिळतात, आणि तू मला कर मी तुला करतो हा सबस्क्राइबचा धंदा तर नियमातच बसत नाही.

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास वॉचटाइम लागतो, किंवा 90 दिवसांत शॉर्टचे 1 कोटी व्ह्यूज. शॉर्ट फीडमधला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत. मग ॲडसेन्सला, म्हणजे गूगलच्या पैसे देणाऱ्या खात्यात, 10 डॉलर जमले की पत्ता तपासायचा नंबर (पिन) पोस्टानं घरी येतो, तेव्हा पत्ता लिहिताना गाव, तालुका, पिनकोड सगळं नीट टाका आणि वाडी-वस्तीवर राहत असाल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.