परदेशी प्राध्यापकाचं पत्र असं मिळालं

जर्मनीच्या डीएएडी (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) या संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीचा माझा अर्ज एका कागदापायी अडला होता: मार्गदर्शन करायला तयार असल्याचं तिथल्या प्राध्यापकाचं पत्र. ईमेलला उत्तरच येईना. मग मसुदा बदलला. गुण, पुरस्कार सगळं काढलं. त्यांच्या अलीकडच्या शोधनिबंधातली पद्धत माझ्या नमुन्यांवर कुठे कमी पडते ते लिहिलं आणि त्यांच्या प्रयोगशाळेत कुठल्या महिन्यात काय करणार, याचा एक पानी आराखडा जोडला. विषयाच्या ओळीत शिष्यवृत्तीचं नाव आणि अर्जाची शेवटची तारीख. उत्तर आलं, तेही प्रश्नांसह! त्या प्रश्नांनी माझा प्रस्ताव सुधारला, मला ते पत्राहून मोलाचं वाटतं. पत्रावर तारीख, सही आणि संस्थेचं लेटरहेड आठवणीने मागून घ्या. शिफारसपत्रं देणाऱ्यांनाही बरंच आधी सांगून ठेवा.