रेडिओची खरखर आणि गँग कंडेन्सर

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढला, चालू झाला पण डायल फिरवली की नुसती खरखर आणि मधे एका जागी तर आवाजच गायब. आधी वाटलं व्हॉल्व्ह (आतली काचेची नळी) गेला. मग गँगकडे लक्ष गेलं, म्हणजे डायल फिरवली की फिरणारा, स्टेशन लावणारा तो अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्यांचा व्हेरिएबल कंडेन्सर, मधे फक्त हवा. प्लग काढून गँगला जोडलेली कॉइलची वायर सोडवली (नाहीतर मल्टिमीटर कॉइलमुळे कायम शॉर्टच दाखवतो, माझा अर्धा तास त्यातच गेला), मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवून गँग हळू फिरवला तर बरोबर त्याच जागी बीप! दोन पाकळ्या टेकत होत्या. जुन्या ब्लेडने अलगद सरळ केल्या, ब्रशने धूळ काढली, शाफ्टला टेकणारी स्प्रिंगची पट्टी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली. खरखर बंद.

दुकानदार म्हणत होता पीव्हीसी गँग (हवेऐवजी प्लास्टिकची फिल्म असलेला छोटा गँग) टाका, स्वस्त पडेल. पण त्याची कपॅसिटी अडीचशे-पावणेतीनशे पीएफ (पिकोफॅरड), माझ्या गँगची ५०० च्या आसपास, म्हणजे त्याच कॉइलवर मीडियम वेव्हची खालची स्टेशनं गेलीच की. ५४० ते १६०० किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास तिप्पट, त्याला कपॅसिटी त्याच्या वर्गाइतकी, म्हणजे नऊपट बदलावी लागते.

आणि हो, पाकळ्यांवर तेल मारू नका, हवेच्या जागी तेल आलं की कपॅसिटी वाढते, डायल सरकते आणि धूळ चिकटते ती वेगळीच.