अमेरिकी सागरी आयोगाने माहिती मागवल्यास जहाजकंपनीने काय करावे

वॉशिंग्टनच्या फेडरल मॅरिटाइम कमिशनचे पत्र हाती पडले, की उत्तराचा मसुदा करण्याआधी ते कोणत्या अधिकाराखाली निघाले आहे हे पाहावे. अमेरिकी संहितेच्या ४६व्या शीर्षकातील कलम ४०१०४ नुसार आयोग जहाजकंपनी, टर्मिनलचालक, त्यांचे अधिकारी, एजंट किंवा कर्मचारी यांच्याकडून अहवाल, हिशेब, नोंदी, दर आणि व्यवहारांची निवेदने मागवू शकतो, आणि आयोगाने तसे सांगितल्यास ती शपथेवर द्यावी लागतात. कलम ४१३०३ खालचे समन्स चौकशीत किंवा सुनावणीत निघते. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे जहाजकंपनी आणि माल पाठवणारा यांच्यातील दर व सेवेच्या कराराच्या, नोंदी मागणारे साधे लेखी पत्रही दुर्लक्षण्याजोगे नसते: करार संपल्यावर पाच वर्षे त्या जपणे आणि मागणीपासून ३० दिवसांत देणे नियमानेच बंधनकारक आहे.

पत्र आले त्याच दिवशी ईमेल आणि जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची सोय बंद करावी.

खरी कसोटी आकड्यांची असते. डिमरेजचे, म्हणजे मोफत मुदतीनंतरही कंटेनर टर्मिनलवर राहिल्यास लागणाऱ्या शुल्काचे, एकच बिल घ्यावे आणि कंटेनर क्रमांक, तो उचलण्यास उपलब्ध झाल्याची तारीख, मोफत मुदतीची सुरुवात व शेवट आणि लावलेला दर हे सारे टर्मिनलच्या नोंदीशी ताडून पाहावे. बिलिंग विभागाने मुदत कंटेनर उतरल्यापासून मोजली आणि टर्मिनलच्या नोंदीत तो दोन दिवसांनी उपलब्ध झाला, असे आढळल्यास मूळ आकडा गुपचूप बदलू नये. तो आहे तसा देऊन तफावत वेगळ्या टिपणात सांगावी, कारण शपथपत्रावर सही करणाऱ्याला पुढे त्याच ओळीवर प्रश्न विचारला जातो.

प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारण्याची सवय आमच्या मते घातकच आहे. व्यापारी गुपिताचा मजकूर नेमका दाखवून, तो झाकलेली दुसरी प्रत सोबत द्यावी.

कागद परदेशातील मुख्यालयात असून तिथला कायदा ते देऊ देत नाही, असे म्हणायचे असेल तर त्या देशातील वकिलाचे लेखी मत आधीच मिळवावे. समन्स किंवा माहिती देण्याच्या आदेशाविरुद्ध हा बचाव घेतल्यास आयोगाला ते तत्काळ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना कळवावे लागते. बचाव टिकला नाही, तर कंपनीचे टॅरिफ (जाहीर दरपत्रक) निलंबित होऊ शकते आणि जहाजाची क्लिअरन्स (बंदरातून निघण्याची परवानगी) रोखण्याची विनंतीही आयोग करू शकतो.