नवा भारी गेम आपल्या पीसीवर चालेल का? पैसे भरण्याआधी तपासायचं कसं

सांगलीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात 'अमुक गेम चालतोय का' विचारलं की 'चालतोय की!' हे उत्तर ठरलेलं असतं. चालतोय खरं, पण सेकंदाला २२ फ्रेमने (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) की ६० ने, आणि अर्ध्या तासानंतरही तसाच का, हे कुणी सांगत नाही. ते घरबसल्या शोधता येतं. एक संध्याकाळ जाते आणि खर्च शून्य.

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून नव्हे, मॉनिटरपासून करा. १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के वर ८२.९ लाख. म्हणजे फोर-के साठी कार्डाला दर फ्रेममागे चौपट ठिपके रंगवायचे असतात. जे कार्ड १०८० वर आरामात ७० फ्रेम देतं, तेच फोर-के वर धापा टाकतं. घरात ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारा, साधा मॉनिटर असेल तर ११० फ्रेमसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. धावपळीच्या वेगवान गेमसाठी स्थिर ६०, कथेच्या संथ गेमसाठी स्थिर ४० ते ४५ एवढं लक्ष्य ठेवा. 'स्थिर' हा शब्द महत्त्वाचा. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत यावी लागते. मधेच एखादी ८० मिलिसेकंदांची आली की सरासरी कितीही छान दिसो, हाताला झटका जाणवतोच.

आता गेमच्या पानावरचा 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड'चा तक्ता. बहुतेक जण त्यात फक्त कार्डाचं नाव बघतात. खरी गोम खालच्या बारीक ओळीत असते. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या 'रेकमेंडेड'मध्ये १०८० ला ६० फ्रेम लिहिलं होतं, पण ते फ्रेम जनरेशन चालू ठेवून, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून भरलेल्या. असे आकडे दिसायला ६० असतात, हाताला मात्र ३०-३५ सारखे जड लागतात, कारण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो. तक्त्यात रिझोल्युशन (ठिपक्यांची संख्या), फ्रेमचा आकडा, सेटिंग लो की हाय, आणि अपस्केलिंग (कमी ठिपके रंगवून चित्र मोठं करणं) किंवा फ्रेम जनरेशन धरलंय का, या चार गोष्टी शोधा. त्या दिल्याच नसतील तर 'मिनिमम' म्हणजे १०८०, लो, ३० फ्रेम असं समजून चाला.

दुसरी गोम वेगाची नाही, क्षमतेची आहे. २०२५ चा डूम: द डार्क एजेस हा गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या रंगवण्याचं) हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाही. 'मिनिमम'च एनव्हीडियाचं आरटीएक्स २०६० सुपर किंवा एएमडीचं आरएक्स ६६००, सोबत १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई या वेगवान एसएसडीवर १०० जीबी जागा. जीटीएक्स १०८० टीआय हे त्याच्या काळातलं दांडगं कार्ड, ११ जीबी मेमरीचं, पण इथे त्याचा उपयोग नाही. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमचंही तेच. सेटिंग कितीही खाली आणलं तरी हा दरवाजा उघडत नाही.

आपल्याकडे नक्की काय आहे

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, डीएक्सडायग (dxdiag) टाइप करा आणि एंटर मारा. पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' दिसेल. त्याने हुरळून जाऊ नका, तो विंडोजचा आकडा आहे, कार्डाचा नाही. 'डिस्प्ले' टॅबमध्ये जा आणि 'फीचर लेव्हल्स' ही ओळ वाचा. यादीत १२_२ असेल तर कार्डाला रे ट्रेसिंग आणि मेश शेडर (आकार रंगवायची नवी पद्धत) दोन्ही जमतात. आरटीएक्स २० पासून पुढची, आरएक्स ६००० पासून पुढची आणि इंटेल आर्क कार्डं यात येतात. १२_१ वर थांबत असेल तर वरच्यासारखे गेम विसरा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. जीपीयूखाली (म्हणजे ग्राफिक्स कार्डाखाली) 'डेडिकेटेड मेमरी' किती ते बघा. एकाच नावाच्या कार्डांत फरक असतो. जीटीएक्स १०६० हे ३ जीबी आणि ६ जीबी असं दोन प्रकारांत आलं, आरटीएक्स ३०५० हे ६ आणि ८ जीबीत, आणि ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत. लॅपटॉप असेल तर नावावर मुळीच जाऊ नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कुठे ६० वॅटवर बसवलेलं असतं तर कुठे ११५ वर, आणि वेगात तसाच फरक पडतो. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' लिहिलेली असते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. 'आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक' अशी पाटी लावून विकले जाणारे पीसी बऱ्याचदा ऑफिसातून निघालेले असतात आणि त्यातला आय-सेव्हन ३७७० हा २०१२ चा असतो. त्याला एव्हीएक्स-२ हा सूचनासंच नाही. काही नवे गेम त्यावर उघडतच नाहीत, डबल क्लिक केलं की गप्प बंद. दुसरी फसवणूक बनावट कार्डाची: आतली चिप जुनी आणि नाव जीटीएक्स १०५० टीआय. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. अशा कार्डाच्या नावाआधी ते सरळ 'फेक' असं दाखवतं. दुकानातच चालवून बघा. विकणारा नको म्हणाला तर उत्तर तिथेच मिळालं.

रॅमच्या पानावर 'स्लॉट्स युज्ड' आणि वेग बघा. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर निम्मा रस्ता बंद आहे. ८-८ च्या दोन पट्ट्या पाहिजेत, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो. ३२०० च्या पट्ट्या २१३३ वर चालत असतील तर बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टीचा पूर्ण वेग, चालू करायचं राहिलंय. (एच ४१० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह असेल तर २६६६ च्या वर जाणारच नाही. तो दोष नाही, मर्यादा आहे.) आणि हे ऐकून हसू येईल, पण मॉनिटरची केबल कार्डात लावलीय की मदरबोर्डात तेही वाकून बघा. महागडं कार्ड बसवून महिनोन् महिने बोर्डच्या ग्राफिक्सवर खेळणारे पीसी आढळतात.

वीज: इथेच जास्त गोंधळ होतो

नवा गेम लावला की पाच मिनिटांत पीसी धाडकन बंद, निळा स्क्रीनही नाही, एरर नाही. निदान बहुतेक वेळा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा यूपीएस. गेम खराब नाही.

कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला '४५० वॅट' सोडून द्या. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असेल तर २१६ वॅट झाले. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या पुष्कळ एसएमपीएसची खरी ताकद एवढीच. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट घेतं, प्रोसेसर गेममध्ये ७० ते १०० घेतो, म्हणजे हिशोब आधीच संपला. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटमध्ये भागवतं, म्हणून जुन्या पीसीला ते जास्त मानवतं. कंपनी तिथे ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनमधून १५०. मोलेक्सपासून आठ पिन बनवणारा स्वस्त कन्व्हर्टर लावू नका. त्या पिना तेवढ्या करंटला टिकत नाहीत, प्लास्टिक वितळतं.

यूपीएसचा घोळ वेगळाच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना पीसी ३०० च्या पुढे, त्यावर मॉनिटर आणि राउटर. लाइट असते तोवर सगळं ठीक, लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि एक सेकंदात हात वर करतो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात, विशेषतः मळ्यातल्या वस्त्यांवर, यूपीएस दिवसातून दहा वेळा बॅटरीवर जातो, म्हणून तिथे हे रोज घडतं. कार्ड असलेल्या पीसीला १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज नीट खेचणारं सर्किट असलेला) चांगला एसएमपीएस घेतला असेल तर काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर त्याला पचत नाही आणि यूपीएस नवा असूनही पीसी बंद पडतो. शक्य असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या.

सांगलीच्या गावभाग-खणभागातल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिसऱ्या पिनला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट पत्र्यावर येतो आणि त्याला जायला वाट नसते. वायरमनला आधी बोलवा, कार्ड नंतर घ्या.

खरी चाचणी

अंदाज बास, आता मोजा. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स आणि ब्लॅक मिथ: वुकाँग या दोन्हींच्या बेंचमार्कच्या (फक्त वेग मोजायच्या) वेगळ्या आवृत्त्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळतात. त्या तुमच्या पीसीवर कशा चालतात ते पाहिलं की तशाच जड गेमचा अंदाज येतो. सायबरपंक २०७७ कुणाकडे असेल तर त्याच्या सेटिंगमध्येच बेंचमार्कचं बटण आहे. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेम, जीपीयूचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि तापमान दाखवायला लावा. चाचणी दुपारी तीन वाजता घ्या आणि सलग अर्धा तास चालू द्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, आणि खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच तापतात. डिसेंबरातल्या रात्रीचे आकडे मेमध्ये खोटे ठरतात.

वाचायचं असं. जीपीयूचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, सेटिंग खाली आणलं की फ्रेम वाढतील. वापर ६०-७० वर आणि तरीही फ्रेम कमी, तर प्रोसेसर मागे पडतोय. खात्री करायला रिझोल्युशन ७२० वर आणा. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर नवं कार्ड घेऊन काही फरक पडणार नाही. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलीय, फ्रेम एकदम १५ वर आपटतात आणि भिंती-कपडे धुरकट दिसतात, तर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) एक पायरी खाली आणा, बाकी काही हलवू नका. पहिली दहा मिनिटं उत्तम आणि मग हळूहळू घसरण, ही उष्णतेची खूण. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. ब्लोअरने धूळ उडवा (उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं), चार-पाच वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट बदला, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. जमिनीवरही ठेवू नका. नदीकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना २०१९ च्या महापुरानंतर याचं कारण सांगायला नको.

नवीन भागात गेल्यावर एकदाच अडकतं आणि दुसऱ्यांदा तिथे अडकत नाही, तर ते शेडर (कार्डाला रंगवायचं कसं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होणं आहे. त्यावर हार्डवेअरचा खर्च करू नका. सारखंच अडकत असेल आणि गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा, हा सगळ्यात स्वस्त इलाज.

सेटिंग कमी करायचा क्रमही ठरलेला ठेवा. रे ट्रेसिंग आधी बंद, मग सावल्या, व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि रिफ्लेक्शन एकेक पायरी खाली. एवढ्यावर भागलं नाही तर डीएलएसएस किंवा एफएसआर हे अपस्केलिंग 'क्वालिटी'वर. १४४० च्या मॉनिटरवर 'क्वालिटी' आतून ९६० वर रंगवते, ते छान दिसतं. १०८० वर तीच ७२० वर रंगवते आणि झाडांची पानं थरथरल्यासारखी दिसू लागतात. तिथे 'परफॉर्मन्स'पर्यंत उतरायची वेळ आली तर तो गेम तुमच्या पीसीचा नाही.

कार्ड बदलायचंच ठरलं तर बोर्ड बघून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटीला बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन (रस्ते) आहेत. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) जुन्या बोर्डवर त्याची ४ जीबी मेमरी भरली की ते फार मागे पडतं. बी ४५० बोर्ड असेल तर बायॉस अपडेट करून रायझन ५६०० बसतो, पण अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करायचा. पुण्याहून जोडलेला पीसी आणणार असाल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं आणा. खंबाटकी घाटाच्या वळणांवर किलोभराचं कार्ड स्लॉटला हिसके देतं आणि स्लॉट तडकतो.

बॅटलफील्ड ६ सारख्या ऑनलाइन गेमला सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू लागतं. बायॉसमध्ये बघा, आणि विंडोजच्या डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर प्रकारची असेल तर आधी नव्या जीपीटी प्रकारची करा, नाहीतर सिक्युअर बूट चालू केल्यावर विंडोजच उघडणार नाही.

एवढं करूनही शंका उरली तर स्टीमवर घेऊन बघा. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. मात्र गेम उघडल्यावर शेडर तयार होण्यात गेलेली मिनिटंही त्या दोन तासांत धरली जातात. त्यामुळे सुरुवातीच्या गोष्टीत रमू नका. सेटिंग लावा, जिथे पाऊस, गर्दी आणि मारामारी एकदम आहे अशी जागा गाठा, आणि तिथे कोपऱ्यातला आकडा बघा.